यष्टीमागची बैठक

२७ मे २०२५ची रात्र. नवतपा सुरू होऊन दोन दिवस झाले होते. पण त्या वर्षी अवेळी आलेल्या ढगांनी उन्हाची धार बोथट केली होती. उकाडा मात्र होताच. अकोल्याच्या आमच्या जुन्या घरात कुलरचा घरघराट, त्यावर मात करण्यासाठी वाढवलेला टीव्हीचा आवाज आणि लाकडी खुर्चीत पुढे झुकून बसलेले माझे एक्याऐंशी वर्षांचे वडील. मी अमरावतीहून दुपारच्या गाडीने आले होते आणि खरे तर डोळ्यांवर झोप होती. पण बाबा झोपायला तयार नव्हते. अमरावतीचा पोरगा फलंदाजीला यायचा होता.

लखनौने २२७ धावा केल्या होत्या. विराट कोहली बाद झाला तेव्हा बंगळूरला अजून १०५ धावा हव्या होत्या. जितेश शर्मा खेळपट्टीवर आला. त्या दिवशी संघाचे नेतृत्वही त्याच्याकडेच होते. पुढे काय झाले ते क्रिकेट पाहणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे : ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा, आठ चौकार, सहा षटकार आणि आठ चेंडू शिल्लक असताना विजय. मधे एकदा तो झेलबाद झाला, पण तो चेंडू नोबॉल ठरला. दैवाचा तेवढा वाटा प्रत्येक मोठ्या खेळीत असतोच.

सामना संपला तेव्हा बाबांनी टाळी वाजवली. मग खुर्चीच्या हातांवर पंजे टेकवून ते उठू लागले. उभे राहून टाळी द्यावी असे त्यांना वाटले असावे. शरीर दोन-चार बोटे वर आले आणि परत खाली बसले. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. मी धावले, काखेत हात घातला. त्यांनी माझ्याकडे न पाहता म्हटले, "पायाले मुंग्या आल्या वाटते."

मुंग्या आल्या नव्हत्या. ते त्यांनाही ठाऊक होते आणि त्या क्षणी मलाही कळले.

साठच्या दशकात बाबा अकोल्याच्या मैदानांवर यष्टिरक्षण करीत असत. कधी मॅटिंगवर, कधी नुसत्या टणक काळ्या मातीवर. हातमोजे क्लबचे, अनेकांच्या घामाने कडक झालेले. उजव्या हाताची करंगळी त्या काळात मोडली आणि वाकडी जुळली, ती आजही तशीच आहे. लहानपणी आम्ही भावंडे ती करंगळी धरून रस्ता ओलांडत असू. क्रिकेटवर बोलताना ते फलंदाजांविषयी फारसे बोलत नाहीत. आपल्या भाषेने या खेळाडूला दिलेले नाव त्यांना फार आवडते. ते म्हणत, फलंदाज धावा करतो, गोलंदाज गडी बाद करतो. रक्षण करणारा एकच, म्हणून तो यष्टिरक्षक.

जितेशची कारकीर्द म्हणूनच त्यांनी जवळून पाहिली. २२ ऑक्टोबर १९९३ रोजी अमरावतीत जन्मलेला हा मुलगा. अमरावती हे तसे शरीरसाधनेचे गाव. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे कार्य तेथे १९१४ पासून चालू आहे. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने कबड्डी आणि इतर भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. मात्र क्रिकेटची वाट वऱ्हाडातून नागपूरला जाते आणि तिथून पुढे फार थोड्यांना जाऊ देते. जितेशला लहानपणी लष्करी सेवेत जायचे होते, असे त्याने मुलाखतींत सांगितले आहे. राज्य पातळीवर खेळले की परीक्षेत वाढीव गुण मिळतात, हे क्रिकेटकडे वळण्याचे एक कारण होते. गुणांसाठी धरलेली वाट पुढे आयुष्याची वाट झाली.

ती वाट सरळ नव्हती. २०१४ मध्ये तो विदर्भाकडून मर्यादित षटकांचे सामने खेळू लागला. २०१५-१६च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्याने ३४३ धावा केल्या आणि मुंबई इंडियन्सने त्याला आपल्या ताफ्यात घेतले. तिथे त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. विदर्भाने पाठोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला, त्या सुवर्णकाळात चार दिवसांच्या सामन्यांचे हातमोजे प्रामुख्याने अक्षय वाडकरच्या हाती होते. वाडकरने २०१७-१८च्या अंतिम सामन्यात शतकही केले. एका संघात यष्टीमागे जागा एकच असते. चार गोलंदाज खेळतात, सहा फलंदाज खेळतात. दुसरा यष्टिरक्षक पाण्याच्या बाटल्या नेतो.

आयपीएलमधील पहिला सामना त्याने ३ एप्रिल २०२२ रोजी खेळला, पंजाबकडून. वय अठ्ठावीस. या खेळात अठ्ठाविसाव्या वर्षी पदार्पण म्हणजे उशीरच. त्या हंगामात बारा सामन्यांत २३४ धावा झाल्या, पुढील हंगामात ३०९. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत तो भारताकडून खेळला आणि सुवर्णपदक विजेत्या संघात होता. २०२४चा आयपीएल हंगाम त्याला रुक्ष गेला. तरीही बंगळूरने त्याच्यासाठी अकरा कोटी रुपये मोजले, तेव्हा पुष्कळांनी भुवया उंचावल्या. मग आला २०२५चा हंगाम. लखनौची ती रात्र आणि ३ जूनचा अहमदाबादचा अंतिम सामना. त्यात जितेशने दहा चेंडूंत चोवीस धावा केल्या आणि बंगळूरने अठराव्या हंगामात पहिल्यांदा, अवघ्या सहा धावांनी, करंडक जिंकला. चोवीस ही लहान संख्या आहे. सहा धावांच्या विजयात ती लहान राहत नाही.

इथवर सारे वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांत येऊन गेले आहे. आरोग्याच्या पाक्षिकात ते सांगण्याचे कारण वेगळे आहे. त्या दिवसांत सर्वांच्या नजरा षटकारांवर होत्या. बाबा मात्र यष्टीमागचा जितेश पाहत होते. वीस षटकांत एकशेवीस चेंडू. प्रत्येक चेंडूला यष्टिरक्षक खाली बसतो आणि उठतो. म्हणजे एका डावात किमान एकशेवीस बैठका. त्या कोणी मोजत नाही, धावफलकावर त्यांचा रकाना नसतो. चेंडू सुटला तर मात्र सगळे मैदान पाहते.

या बैठकीचे तंत्र बाबांनी मला लहानपणी अंगणात शिकवले होते. वजन टाचांवर नाही, चवड्यांवर. गुडघे वाकलेले, पाठ सैल पण पुढे झुकलेली, डोके स्थिर. चेंडू टप्पा पडेपर्यंत खाली राहायचे आणि टप्प्याबरोबरच उठायचे. आधी उठले तर चेंडू पायांखालून जातो. "घाईनं उठणारा कीपर काही कामाचा नाही," असे ते म्हणत. चाळीस वर्षांनंतर हेच वाक्य मी एका फिजिओथेरपिस्टच्या तोंडून निराळ्या संदर्भात ऐकणार होते.

आता जरा मागे जाते. त्या वर्षी होळीच्या सुमारास बाबा न्हाणीघरात घसरून पडले. हाड मोडले नाही. डोक्याला लागले नाही. कमरेवर निळा-काळा डाग पडला, तो पंधरा दिवसांत विरला. देवाची कृपा, असे सगळे म्हणाले, आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून ती कृपा निष्फळ करण्याचा उद्योग सुरू केला.

पाण्याचा तांब्या उशाशी आला. जेवणाचे ताट खोलीत जाऊ लागले. देवपूजा दादाने आपल्याकडे घेतली. सकाळचा फेरफटका "जरा उन्हं उतरू द्या" म्हणून पुढे ढकलला आणि उन्हे काही उतरली नाहीत. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आली. उठायचे असेल तेव्हा हाक मारायची, असा नियम झाला आणि हाक मारली की दोघे जण दोन्ही काखांत हात घालून त्यांना उभे करीत. मी शनिवार-रविवारी येत असे, तेव्हा सर्वांत जास्त काळजी मीच घेत असे. लांब राहणाऱ्या मुलांच्या काळजीत अपराधीपणाचा अंश मिसळलेला असतो, त्यामुळे ती थोडी अतिरेकी असते. बाबा विरोध करीत नसत. त्यांच्या पिढीतील माणसाला आपण ओझे झालो आहोत, या विचाराचीच लाज फार. आम्ही म्हणू तसे ते वागत गेले. दहा आठवड्यांत एक्याऐंशी वर्षांचा माणूस खुर्चीतून उठेनासा झाला. पडल्यामुळे नव्हे. पडल्यानंतर आम्ही जे केले त्यामुळे.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी सदुसष्ट वर्षांच्या निरोगी स्त्री-पुरुषांना दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. खाणे-पिणे सर्व नीट. दहा दिवसांत त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस कमी झाले आणि पायांची शक्तीही घटली. तरुण माणूस महिनाभर निजून राहिला तरी तो पुन्हा उभा राहतो. वृद्धाचे तसे नसते. वयाबरोबर स्नायू झिजतातच आणि साठीनंतर ती झीज वेग घेते. स्नायू न वापरण्याचा दंड जितका उतारवयात बसतो तितका कधीच बसत नाही. आधीच उताराला लागलेल्या गाडीला धक्का द्यावा, तसा हा प्रकार.

यात आपल्या राहणीचाही भाग आहे. बाबांच्या पिढीचे अर्धे आयुष्य जमिनीवर गेले. पाटावर जेवणे, पंगतीत मांडी घालून बसणे, उकिडवे बसून दात घासणे, खाली बसून शौच, खाली बसून भाजी निवडणे. दिवसातून पंधरा-वीस बैठका न मोजता होत होत्या. व्यायामशाळेत जाणारा तेवढाच व्यायाम करीत नसे. स्वयंपाक करणारी आईही करीत असे, तिला त्याचे श्रेय मात्र कुणी दिले नाही. नंतर डायनिंग टेबल आले, सोफा आला, कमोड आला. ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांच्यासाठी हे वरदानच आहे, त्यात वाद नाही. पण त्या सोयींबरोबर उठण्या-बसण्याची सवयही घरातून निघून गेली आणि तिच्या जागी आपण दुसरे काही ठेवले नाही.

त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी दादाशी बोलले. आठवडाभरात घरी फिजिओथेरपिस्ट आल्या. तरुण, बोलक्या, आणि बाबांना "आजोबा" न म्हणता "सर" म्हणणाऱ्या. मला वाटते, निम्मे काम त्या एका शब्दाने झाले. त्यांनी एक साधी, हातांशिवायची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि बाबांना छातीवर हात बांधून, तीस सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा, पूर्ण उभे राहून बसायला सांगितले. ही जगभर वापरली जाणारी चाचणी आहे. पंच्याहत्तर ते एकोणऐंशी वयाच्या पुरुषांत अकरापेक्षा कमी आणि ऐंशी ते चौऱ्याऐंशीच्या पुरुषांत दहापेक्षा कमी वेळा उठता आले तर पडण्याचा धोका अधिक समजतात. स्त्रियांसाठी हे आकडे अनुक्रमे दहा आणि नऊ. उठताना हात टेकावे लागले तर नियमाप्रमाणे गुण शून्य.

बाबांचा गुण शून्य आला. हात टेकवून चार.

मी त्यांच्याकडे पाहायचे टाळले. त्यांनी मात्र विचारले, "हे शून्य म्हणजे गोल्डन डक का?" त्या बाई हसल्या. मग म्हणाल्या, सर, तुम्ही घाईने उठता. घाईने उठणाऱ्याचा तोल जातो. आधी खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकायचे. पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची. मग नाक पायाच्या अंगठ्यांच्याही पुढे जाईल इतके वाकायचे, वजन पावलांवर आले असे जाणवू द्यायचे, आणि मग उठायचे. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे टप्पा पडू द्यायचा."

पुढचे सहा महिने म्हणजे याच एका वाक्याचा अभ्यास होता. सुरुवातीला खुर्चीवर दोन जाड उशा ठेवून बैठक उंच केली, म्हणजे कमी ताकद लागावी. हात टेकवण्यास परवानगी होती. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. दोन आठवड्यांनी एक उशी काढली. महिन्याने दुसरी. मग एकच हात टेकवणे. मग नुसती बोटे. मधल्या काळात ओट्याला धरून टाचा उचलणे आणि धरूनच एका पायावर काही क्षण उभे राहणे आले. दिवाळीच्या सुमारास त्यांनी छातीवर हात बांधून पहिल्यांदा पूर्ण उठून दाखवले. एकदाच. आम्ही पेढे आणले नाहीत. पण वहिनीने त्या दिवशी पुरणाचा घाट घातला.

ऐंशी ओलांडलेल्या शरीरात पुन्हा ताकद येते का, असा प्रश्न अनेकांच्या मनात येईल. माझ्याही आला होता. १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धालयात नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे, वैद्यकीय देखरेखीखाली, पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. एकाला तो पुरा करता आला नाही. उरलेल्या नऊ जणांच्या पायांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत. हा प्रयोग लहान होता. पण त्यानंतर जगभर अशी अनेक कामे झाली आणि म्हातारपणी स्नायू ऐकत नाहीत हा समज टिकला नाही. स्नायू ऐकतात. त्यांना कोणी सांगत नाही, एवढेच.

ताकदीला अन्नही लागते. आमच्याकडे बाबांचे जेवण पडल्यानंतर 'हलके' झाले होते : मऊ भात, साय काढलेले दूध, साबुदाण्याची खीर. हलके खरेच, पण त्यातून स्नायूला काय मिळणार? वृद्धांना शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज साधारण एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने हवीत, असे आहारतज्ज्ञ मानतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला साठ ते पंच्याहत्तर ग्रॅम. अकोल्यात हे अवघड नसावे. तुरीचा आणि हरभऱ्याचा हा मुलूख. घट्ट वरण, भाकरीबरोबर झुणका, वाटीभर दही, चालत असेल तर अंडे. एकाच वेळी ढीगभर न खाता तिन्ही जेवणांत थोडे थोडे वाटून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण स्वतः ठरवू नये, डॉक्टरांनाच विचारावे.

उन्हाळ्याविषयी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. वऱ्हाडातल्या मे महिन्यात रक्तदाबाची गोळी घेणारा वृद्ध माणूस पुरेसे पाणी प्यायला नाही आणि पहाटे अंथरुणातून झटकन उठला, तर रक्तदाब एकदम उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. पुष्कळ जण घसरून नव्हे, असे पडतात. पलंगाच्या कडेला मिनिट-दोन मिनिटे पाय सोडून बसावे, घोटे हलवावेत, मग उभे राहावे. झोपेच्या गोळ्या घेत असाल तर ही सावधगिरी दुप्पट. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गुडघ्याचे किंवा खुब्याचे प्रत्यारोपण यांपैकी काही असेल तर खुर्चीचा व्यायामही वैद्यकीय सल्ल्याशिवाय सुरू करू नये. आणि छातीत दुखले, धाप लागली, गरगरले तर त्याच क्षणी थांबावे. एकटे असताना तर मुळीच करू नये.

आता राहिला तो सर्वांत कठीण भाग, आणि तो बाबांचा नव्हता, आमचा होता.

फिजिओथेरपिस्टनी आम्हाला उभे कसे राहायचे ते शिकवले. समोर उभे राहून दोन्ही हात धरून ओढायचे नाही. काखेत हात घालून उचलायचे तर मुळीच नाही. त्याने वृद्धांचा खांदा दुखावतो आणि उचलणाऱ्याची कंबर जाते. माणसाच्या दुर्बल बाजूला, किंचित मागे, एक पाऊल पुढे एक मागे असे उभे राहायचे. एक हात कमरेच्या जवळ, न टेकवता. आणि मग काही करायचे नाही. तोल गेलाच तर धरायचे, तोवर काही नाही. बाबा उठताना डगमगत, तोंड लाल होई, अर्ध्यावर क्षणभर थांबत, आणि माझा हात आपोआप पुढे जाई. "हात नोको लावू, माय. मी उठतो." किती वेळा हे ऐकले असेल, सांगता येत नाही. त्या दोन सेकंदांत काही न करणे हे मी आयुष्यात केलेल्या अवघड कामांपैकी एक आहे. एकदा मी त्यांना चिडून म्हटले, पडलात म्हणजे? ते म्हणाले, "तू मागं हायस ना."

पुढे मला टीव्हीवर यष्टिरक्षक वेगळा दिसू लागला. तो फलंदाजाच्या मागे उभा असतो, चेंडू कुठून येणार हे सर्वांत चांगले त्यालाच दिसते. पण बॅट दुसऱ्याच्या हातात असते. दहापैकी सात चेंडू त्याच्यापर्यंत पोचतसुद्धा नाहीत. तरी तो दहाही वेळा पूर्ण खाली बसतो. सातव्यांदा कंटाळून उभाच राहिला तर आठवा चेंडू कुठे जाईल, सांगता येत नाही.

ज्या घरांत सेवा करणारी एकच व्यक्ती आहे, बहुधा पत्नी किंवा सून, तिच्यासाठी हे सांगणे मला जड जाते. कारण मागे उभे राहून वाट पाहायला वेळ लागतो, आणि उचलून बसवायला अर्धे मिनिट. गॅसवर दूध असते, शाळेचा डबा राहिलेला असतो. माझ्या वहिनीने मला एकदा स्पष्टच सुनावले की तुम्ही दोन दिवस येता, तुम्हाला धीर धरणे सोपे आहे. ती बरोबर होती. त्यानंतर आम्ही ठरवले की सगळ्या बैठका सगळ्यांना बघायला नकोत. सकाळची वेळ दादाची, संध्याकाळची पुतण्याची, शनिवार-रविवार माझे. बाकी वेळी घाई असेल तर वहिनीने खुशाल हात द्यावा, त्याचे कोणी काही मनात आणू नये.

आणखी एक : माणूस पडलाच, तर त्याला लगेच ओढून उभे करण्याची धडपड करू नये. तो बोलतो आहे का, कुठे तीव्र दुखते आहे का, पाय वाकडा किंवा आखूड दिसतो आहे का, डोक्याला लागले आहे का, हे आधी पाहावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील आणि डोक्याला मार लागला असेल, तर वरून काहीही दिसत नसले तरी रुग्णालय गाठावे. आमच्या वेळी आम्ही यातले काहीच पाहिले नव्हते. दोघांनी धरून उभे केले आणि चहा पाजला. हाड शाबूत होते म्हणून निभावले.

डिसेंबरमध्ये टी-ट्वेन्टी विश्वचषकासाठी भारताचा संघ जाहीर झाला, तेव्हा मी अकोल्यातच होते. संघात दोन यष्टिरक्षक होते, जितेशचे नाव त्यांत नव्हते. मला वाईट वाटले; एवढ्या हंगामानंतरही? बाबांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले. त्यांना फारसे आश्चर्य वाटलेले दिसले नाही. म्हणाले, दुसऱ्या यष्टिरक्षकाला हे पाठ असते. मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, चल, वेळ झाली, खुर्ची लाव.

आमच्या घरी भिंतीवर एक दिनदर्शिका आहे, तिच्यात दुधाच्या हिशेबाखाली पुतण्या रोजचा आकडा लिहितो. दिवाळीत एक. नोव्हेंबरअखेर तीन. डिसेंबरमध्ये सर्दी-खोकल्याने आठ दिवस गेले आणि आकडा पुन्हा दोनवर आला. ते दिवस सर्वांनाच जड गेले. मग चार, पाच, पाच, पाच. आता ते पूजा स्वतः करतात, पाटाऐवजी स्टुलावर बसून. तांब्या उशाशी नसतो, स्वयंपाकघरात असतो. न्हाणीघरात भिंतीला आडवी दांडी बसवली आहे आणि खाली खरखरीत चटई. ती आधीच बसवली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी मागे उभी होते. तीस सेकंद संपता संपता ते नवव्यांदा उभे राहिले होते आणि दहाव्यांदा उठताना, शरीर अर्ध्यावर असताना, पुतण्या "टाइम" म्हणाला. नियमाप्रमाणे तीस सेकंद संपताना माणूस निम्म्याहून अधिक उठला असेल तर ती बैठक धरतात. पुतण्या म्हणाला, नऊ. बाबा म्हणाले, दहा. दोघांचा वाद बराच वेळ चालला. शेवटी बाबा, अजूनही उभेच, खुर्चीला न धरता, म्हणाले, "तिसऱ्या पंचाले विचार," आणि माझ्याकडे वळून पाहिले.

मी दहा लिहिले. खरे सांगायचे तर माझे लक्ष त्यांच्या पायांकडे होते आणि मी नीट पाहिलेच नव्हते.